'लटका नकार' नावाचं लेबल आणि एक गोष्ट: आठ महिने वापरलेल्या गोष्टींच्या अ‍ॅपचा रिव्ह्यू

आठ महिने झाले हे अ‍ॅप वापरतेय, वाचायच्या आणि ऐकायच्या दोन्ही प्रकारच्या गोष्टी असतात त्यावर, वर्षाची मेंबरशिप घेतलीये. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही कारण मला एका कंपनीवर राग काढायचा नाहीये आणि जे लिहितेय ते अशा बऱ्याच अ‍ॅप्सना लागू पडेल.

आधी चांगलं ते पटकन सांगून टाकते. ऑडिओ स्वच्छ आहे, डाउनलोड करून ठेवता येतं, झोप लागली तर आपोआप बंद होणारा टायमर आहे, वाचणाऱ्या कलाकारांची नावं ठळक देतात, आणि लेखक खरंच नवनवीन आहेत. यावर तक्रार नाही. माझं म्हणणं आहे ते गोष्टींना जी लेबलं लावतात त्याबद्दल, आणि त्यातही रोमान्स विभागातली जी लेबलं संमतीबद्दल आहेत फक्त त्यांच्याबद्दल.

पद्धत अशी आहे की गोष्ट अपलोड करताना लेखकानं ठरलेल्या यादीतून लेबलं निवडायची. ही सगळी ट्रोप्सची नावं, म्हणजे गोष्टींमध्ये परत परत येणारे साचे. 'बालपणीचे मित्र', 'शत्रू ते प्रेमी', 'दुसरी संधी' अशी साधी सोपी नावं आहेत ती झकास चालतात, कारण नाव वाचलं की आत काय आहे ते कळतं. मग त्याच यादीत खाली येतात 'लटका नकार', 'हळवी जबरदस्ती', 'अबोल होकार', 'सक्तीची सोबत', 'गुंतागुंतीची संमती', 'बिनधास्त नायिका'. सगळ्यात शेवटी 'लैंगिक हिंसा'. या एकाही लेबलवर बोट ठेवलं तर अर्थ उघडत नाही, व्याख्या कुठेच नाही, नुसतं नाव. ज्यानं ही नावं ठेवली त्याला ती कानाला गोड वाटली असणार. कानाला गोड आहेतच.

आता ती रात्र सांगते. 'लटका नकार' लेबलखालची एक दहा भागांची ऑडिओ गोष्ट लावली होती, मला वाटलं हलकंफुलकं असेल, रुसवेफुगवे, आढेवेढे, ती नको म्हणते आणि हसते, तो मागे हटतो मग तीच त्याला परत बोलावते, अशा गोष्टी मला आवडतात, लटका राग हा आपल्याकडचा जुना आणि खरंच गोड प्रकार आहे. पहिले तीन भाग तसेच होते. चौथ्या भागात ती दोघं एकटी आहेत आणि ती तीनदा 'नको ना' म्हणते. वाचणाऱ्या बाईंनी पहिलं 'नको ना' हसत म्हटलंय. दुसरं म्हणताना हसू नाहीये, नुसतं घाईनं म्हटलंय. आणि तिसऱ्याला त्यांचा श्वास अडकलाय, 'ना' पूर्ण येतच नाही. मी उठून बसले. मागे नेऊन परत ऐकलं, मग परत. त्या कलाकार बाईंना बरोबर कळलं होतं त्या पात्राचं काय चाललंय, त्यांच्या आवाजात काहीही लटकं नव्हतं, ती मुलगी घाबरली होती. आणि माझ्या हातातल्या स्क्रीनवर गुलाबी गोळ्यात लिहिलेलं होतं 'लटका नकार'.

हे मला महिनाभर डोक्यातून काढता आलं नाही. कारण त्या लेबलमध्ये निकाल आधीच दिलाय ना. 'नकार' एवढंच लिहिलं असतं तर ऐकणाऱ्यानं ऐकून ठरवलं असतं. 'लटका' म्हटलं की गोष्ट सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी सांगून मोकळं झालं की ही जे 'नको' म्हणेल ते खरं धरू नका. मग तिनं कितीही वेळा म्हणू दे, कसंही म्हणू दे, ऐकणारा आपल्या कानावर विश्वास ठेवत नाही, लेबलवर ठेवतो. खाली लोकांचे अभिप्राय होते, किती गोड जोडी, चौथा भाग परत परत ऐकला, असे. मी त्या लोकांना वाईट म्हणत नाही. त्यांना जे नाव दिलं त्या नावातून त्यांनी ऐकलं.

त्यानंतर मी ठरवून एकेका लेबलखालच्या गोष्टी वाचायला घेतल्या, रोज एक दोन, जे समोर येईल ते, आवडीनिवडी न बघता. जे सापडलं ते सांगते.

'सक्तीची सोबत'. हे नाव इंग्रजीतल्या 'फोर्स्ड प्रॉक्सिमिटी' वरून आणलंय हे उघड आहे, आणि तो खरं तर अगदी निरुपद्रवी साचा आहे, वादळात अडकले, एकच खोली मिळाली, ऑफिसच्या प्रवासात शेजारची सीट, लिफ्ट बंद पडली. सक्ती असते ती परिस्थितीची. पण 'सक्तीची' हा शब्द बघून लोकांनी काय केलं तर अपहरणाच्या गोष्टी त्याखाली टाकल्या, कोंडून ठेवलेल्या मुलीच्या गोष्टी, आणि त्या लेखकांनाही दोष कसा देणार, नाव तेच सांगतंय. परिणाम दोन्हीकडून. ज्याला पावसात अडकलेल्या दोघांची गोष्ट हवी होती त्याच्या पुढ्यात कुलूपबंद खोली आली, आणि जिला असलं काही वाचायचंच नाही ती सगळं लेबल टाळते आणि लिफ्टमधल्या गोड गोष्टींनाही मुकते. 'एकत्र अडकलेले' एवढं नाव ठेवलं असतं तरी निम्मा घोळ झाला नसता.

'अबोल होकार'. मला वाटतं ठेवणाऱ्याच्या मनात असेल ते जुनं जोडपं, ज्यांना एकमेकांचं न बोलता कळतं, तिनं हात धरला, त्यानं दिवा मालवला. तशा गोष्टी आहेत त्यात, सुंदर आहेत. पण त्याच लेबलखाली झोपलेल्या बायकोची गोष्ट आहे, खूप प्यायलेल्या मैत्रिणीची आहे, आणि एक अशी जिथे मुलगी भिंतीला टेकून नुसती उभी आहे, बोलत नाही, हलत नाही, आणि लेखक लिहितो की तिच्या शांततेत होकार होता. मौन म्हणजे संमती हे आपण लहानपणापासून ऐकलंय, संस्कृतातून आलेलं वाक्य आहे आणि वाक्य जुनं असलं की खरं वाटतं. पण खूप भीती वाटली की अंग गोठतं, हात उचलत नाही, आवाज फुटत नाही, ही शरीराची माहीत असलेली प्रतिक्रिया आहे, टॉनिक इमोबिलिटी म्हणतात तिला, आणि लैंगिक हल्ल्यातून वाचलेल्या कितीतरी लोकांनी अगदी हेच सांगितलंय की मला ओरडायचं होतं पण ओरडता आलं नाही. ते गोठणं आणि त्या जुन्या जोडप्याचं न बोलता समजणं या दोन गोष्टी एकाच नावाखाली ठेवणं मला सहन होत नाही, खरंच होत नाही.

'गुंतागुंतीची संमती' हे सगळ्यात गरजेचं लेबल होतं आणि सगळ्यात वाया गेलेलं. खरोखर गुंतागुंत असते अशा गोष्टी असतात. दोघंही सारखेच नशेत. एकजण दुसऱ्याचा बॉस आहे आणि दोघांनाही वाटतंय की आपण मनापासून हो म्हणालो. समोरचा आपली खरी ओळख लपवतोय, आणि तिनं हो म्हटलंय ते वेगळ्याच माणसाला. स्मृती गेलेली आहे. यावर फार चांगलं लिहिता येतं आणि वाचणाऱ्यालाही विचार करायला लावतं. पण नाव इतकं सैल आहे की दोन्ही टोकं त्यात शिरलीयेत. एका बाजूला अशी गोष्ट जिथे ती फक्त लाजतेय, पहिलीच वेळ आहे, तो विचारतो, ती हो म्हणते, झालं, यात गुंतागुंत कसली. दुसऱ्या बाजूला सरळ सरळ बलात्कार, मारहाण करून, आणि वर लेबल गुंतागुंतीची संमती. का? तर लैंगिक हिंसा हे लेबल लावलं की अ‍ॅप ती गोष्ट होमपेजवर दाखवत नाही, सुचवण्यांमध्ये येत नाही, फक्त सर्चमध्ये सापडते. मग लेखक शेजारचं मऊ लेबल उचलतो. नाव संदिग्ध असलं की पळवाट तयारच असते, आणि अ‍ॅपनं स्वतःच त्या पळवाटेनं जायला बक्षीस ठेवलंय.

'बिनधास्त नायिका'बद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. यात धीट, स्वतःहून पुढाकार घेणाऱ्या नायिका अपेक्षित आहेत, आणि तशा आहेत. पण जिथे जिथे बाईनं पुरुषावर जबरदस्ती केलीये, त्याला दारू पाजलीये, त्याची नोकरी घालवायची धमकी दिलीये, त्या सगळ्या गोष्टी याच लेबलखाली आहेत, आणि गमतीच्या सुरात. तो नको म्हणतोय आणि गोष्ट हसतेय. लेबल फक्त नायिकेचा स्वभाव सांगतं, त्या माणसावर काय गुदरलं ते सांगायला लेबलमध्ये जागाच ठेवलेली नाही, मग ते घडलंच नाही असं होतं.

आणि 'हळवी जबरदस्ती'. या दोन शब्दांसमोर मी बराच वेळ बसले. इंग्रजी रोमान्सबद्दल लिहिणाऱ्यांमध्ये 'फोर्स्ड सिडक्शन' असा शब्द बरीच वर्षं चालत आलाय, नायक जबरदस्ती करतो पण नायिकेला मनातून हवंच असतं असा साचा, हे त्याचंच मराठी रूप असावं. अडचण ही की तिला मनातून हवं होतं हे वाचकाला कळतं कारण लेखक तिच्या मनात शिरून सांगतो. त्या नायकाला ते कुठून कळणार? त्याला फक्त नकार ऐकू आलेला असतो. ही एवढी मोठी फट आहे, आणि 'हळवी' हा शब्द ती फट झाकून टाकतो. त्यात अजून एक भर म्हणजे ज्या गोष्टींत दोघांनी आधी बसून नीट ठरवलंय की आपण जबरदस्तीचा खेळ खेळायचा, थांबायचा शब्द ठरलाय, कुणीही कधीही थांबवू शकतं, त्या गोष्टींना यादीत स्वतंत्र नावच नाही म्हणून त्याही इथेच येतात. म्हणजे ज्यात संमती सगळ्यात स्पष्ट बोलून घेतलीये ती गोष्ट आणि ज्यात संमती विचारलीच नाही ती गोष्ट शेजारी शेजारी. इंग्रजीतही हा गोंधळ आहेच म्हणा, 'नॉन-कॉन' (संमती नाही), 'डब-कॉन' (संमती संशयास्पद) आणि 'सीएनसी' ही तीन नावं एकाच घरातली भावंडं वाटतात, आणि त्यातलं तिसरं म्हणजे ठरवून केलेला खेळ, त्याचं पहिल्या दोघांशी नातंच नाही.

मराठीत तर हा आजार जुना आहे. 'अतिप्रसंग' या एका शब्दात नकोसा स्पर्शही बसतो आणि बलात्कारही. 'इज्जत लुटली' म्हटलं की जिच्यावर हल्ला झाला तिचंच काहीतरी गेलं असं होतं, करणाऱ्यानं काय केलं ते वाक्यात येतच नाही. म्हणून नवीन लेबलं बनवताना तरी आपण जास्त जपून शब्द निवडायला हवे होते असं मला मनापासून वाटतं.

तुलना करायची तर 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' ही साइट बघा. २००९ पासून सगळ्यांसाठी उघडी आहे, फॅनफिक्शनची, म्हणजे आवडत्या पुस्तकांतली-मालिकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींची, ना-नफा संस्था स्वयंसेवकांच्या जोरावर चालवते, २०१९ मध्ये विज्ञानकथा-कल्पनारम्य साहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे मोजक्याच ठरलेल्या वॉर्निंग आहेत आणि त्याशिवाय लेखक हवे ते टॅग स्वतः लिहू शकतात, मग स्वयंसेवक एकाच अर्थाचे वेगवेगळे टॅग एकमेकांना जोडतात. बलात्कारासाठी जी वॉर्निंग आहे तिच्यात 'रेप' हा शब्द सरळ लिहिलेला आहे, गोड केलेला नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे ज्याला आधी काही सांगायचं नाही, सस्पेन्स फुटेल अशी भीती आहे, त्यानं 'लेखकानं वॉर्निंग न देणं निवडलंय' असं लावायचं. म्हणजे आत काहीही असू शकतं, तुमचं तुम्ही ठरवा. प्रामाणिक आहे.

पण तिथेही नावांनी घोळ घातलाच आहे. हे 'वॉर्निंग न देणं निवडलंय' आणि दुसरं 'कुठलीच वॉर्निंग लागू नाही' ही दोन नावं नवीन माणसाला सारखीच वाटतात आणि अर्थ मात्र उलटे, एकात काहीही असू शकतं, दुसऱ्यात ठरलेल्या वॉर्निंगपैकी काहीच नाही. अल्पवयीन पात्रांबद्दलच्या वॉर्निंगचं नाव आधी नुसतं 'अंडरएज' होतं, अंडरएज म्हणजे काय करताना अंडरएज हे नावात नव्हतंच, २०२४ मध्ये त्यांनी त्यात 'सेक्स' हा शब्द घातला आणि नाव स्वतःच बोलायला लागलं. एका शब्दाचं काम होतं बघा. आणि एक टॅग आहे 'डेड डव्ह, डू नॉट ईट', म्हणजे 'मेलेलं कबूतर, खाऊ नका', एका अमेरिकन विनोदी मालिकेतल्या पिशवीवर लिहिलेलं वाक्य, पिशवीवर जे लिहिलंय तेच आत असतं. म्हणजे टॅगचा मूळ अर्थ इतकाच की बाकीचे टॅग नीट वाचा, मी खरंच तेच लिहिलंय. पण नावात मेलेला पक्षी आहे म्हणून हळूहळू लोक तो 'भयानक काळी गोष्ट' या अर्थानं लावायला लागले, कधीकधी तर बाकी टॅग न लिहिता नुसता तोच. जो टॅग म्हणत होता की टॅग वाचा, तोच टॅग न लिहिण्याची सोय झाला.

दुसरी एक साइट मला यापेक्षाही पटते, 'डझ द डॉग डाय', सिनेमे, मालिका, पुस्तकं यांत काय काय घडतं ते आधीच सांगणारी. तिथे नावं नाहीतच, सरळ प्रश्न आहेत. कुत्रा मरतो का. कुणावर लैंगिक हल्ला होतो का. लोक हो किंवा नाही असं मत देतात. प्रश्नाचा एक फायदा असा की त्यात सजावट करता येत नाही. 'कुणी नको म्हणाल्यावरही समोरचा थांबत नाही, असं होतं का?' या प्रश्नाला लटकं उत्तर देऊन बघा, जमत नाही.

मला या अ‍ॅपकडून तेवढंच हवंय. दोन वेगळे रकाने करा. एकात गोष्टीत काय घडतं ते, साध्या वाक्यात: एका पात्राची संमती नाही, किंवा पात्र शुद्धीत नाही, किंवा दोघांनी आधी ठरवलेलं आहे. दुसऱ्यात गोष्ट त्याच्याकडे कसं बघते ते: चूक म्हणून, प्रेम म्हणून, की वाचकावर सोडते. आत्ता ही दोन्ही उत्तरं एकाच गुलाबी गोळ्यात कोंबलीयेत आणि त्यातलं दुसरं पहिल्याला खाऊन टाकतं. कुणी म्हणेल की मग असल्या गोष्टीच काढून टाका, तर नाही, मी ते अजिबात म्हणत नाही. मी काळ्या गोष्टी वाचते, आयुष्यातल्या एका काळात त्यांनीच मला धरून ठेवलं. फक्त मी दार उघडून आत जाते तेव्हा दारावर खरं लिहिलेलं असावं. नाव ठेवल्यावरही कधीतरी पाच पन्नास गोष्टी उघडून बघाव्यात की लोक ते नाव कशासाठी वापरतायत, आणि चुकीचं वापरत असतील तर लेखकांना दटावण्याआधी नाव तपासावं.

सपोर्टला मी हे सगळं लिहिलं, जरा लांबलचकच लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं की लेबलं लेखक निवडतात, आम्ही नाही. यादी कोण बनवतं असं परत विचारलं, त्याचं उत्तर अजून नाही. म्हणून पाचपैकी दोन स्टार, आणि ते दोन्ही वाचणाऱ्या कलाकारांसाठी.

मग मी त्या 'लटका नकार'च्या लेखिकेलाच मेसेज केला. भीतभीत केला, वाटलं चिडतील. त्यांचं लगेच उत्तर आलं. ती गोष्ट रोमान्स नाहीच म्हणाल्या, पाचव्या भागापासून ती मुलगी स्वतःला समजावत राहते की आपण गंमतच करत होतो, आपलंच 'नको' लटकं होतं, आणि दहाव्या भागात तिला कळतं की तसं नव्हतं. त्यांनी यादी बघितली, त्यात त्यांना 'लटका' हा शब्द दिसला, आणि तोच तर त्या मुलीचा शब्द होता म्हणून लावला. त्यांना वाटलं ऐकणाऱ्याला शेवटी त्या शब्दाचा चटका बसेल. पण बहुतेक लोक दहाव्या भागापर्यंत पोचतच नाहीत, चौथा परत परत ऐकतात. अभिप्राय वाचून त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या म्हणाल्या.

आता त्यांनी लेबल बदलून 'लैंगिक हिंसा' केलंय. त्यामुळे गोष्ट होमपेजवरून गेली, सर्चमध्ये पूर्ण नाव टाकलं तरच येते, आणि नवीन ऐकणारे जवळजवळ थांबलेत. मी सगळे दहा भाग ऐकले. कुणाला ऐकायची असेल तर मेसेज करा, नाव सांगते, पण चौथा भाग रात्री एकट्यानं नका ऐकू, आणि चौथ्यावर थांबू नका.